अंगणाला उतार

चऱ्होलीच्या घराचा ताबा मिळाला तेव्हा सही करायला मी एकटीच गेले. घर आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं. नवरा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. दापोडीहून रोजचं जाणं-येणं लांब पडायचं हे एक कारण, पण खरं कारण वेगळं होतं. आयुष्यात एकदा तरी दारासमोर आपली स्वतःची जमीन असावी, असं त्याला वाटायचं. दापोडीत आम्ही पहिल्या मजल्यावर. दार उघडलं की जिना, जिन्याखाली गल्ली आणि गल्लीपलीकडे रेल्वेची भिंत. रो-हाउस बघायला गेलो तेव्हा तो खोल्यांमध्ये फारसा रमला नाही. समोरच्या मोकळ्या तुकड्यावर जाऊन चपला काढून उभा राहिला. बिल्डरच्या माणसाला वाटलं काही धार्मिक असावं, म्हणून तोही बिचारा हात जोडल्यासारखे करून उभा राहिला.

"काही नाही हो," नवरा त्याला म्हणाला, "खडी किती टोचते ते बघतोय."

पुढे ताबा मिळायच्या आधीच, एका सकाळी पेपर वाचता वाचता तो गेला. दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तेव्हा न्यायचं काही उरलं नव्हतं.

आमच्याकडे राख नदीत सोडत नाहीत. मातीत मिसळतात आणि वर झाड लावतात. सगळ्या बौद्ध घरांत असंच करतात असं नाही, पण आमच्या घरात दोन पिढ्या हेच चालत आलं आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींचं बोलणं संपल्यावर थोडी राख चुलत दिरांनी गावाकडे न्यायला घेतली, बांधावर चिंच लावायची म्हणून. उरलेल्या राखेचं काय, असा विषय निघाला तेव्हा माझे सासरे उठले. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला असंच म्हणतात. तोवर ते भिंतीला टेकून बसले होते.

"उरलेली नव्या घरी," ते म्हणाले. "झाड मी लावीन. माझ्या हातानं."

भरल्या खोलीत बोललेला शब्द. उरलेली राख एका लहान मडक्यात घालून, तोंडाला पांढरं कापड बांधून, बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर ठेवली. घरात आता मामा आणि मी, दोघंच. आम्हाला मूल नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. ते मडकं फळीवर आल्यापासून आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून फळीकडे बघायची. टीव्ही मामांनी आपणहून बंद केला होता. झोपलेल्या माणसाशेजारी वावरावं तसं आम्ही वावरत होतो, आणि हे असं किती काळ चालणार ते मला कळत नव्हतं. मला त्याला जमिनीत ठेवायचं होतं. एवढं झालं की पुढचं बघता येईल, असं वाटायचं. पुढचं म्हणजे काय, ते विचारायला कोणी नव्हतं.

झाडावरून नातेवाइकांत थोडी चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं, बोधिवृक्ष लावा. पिंपळ मलाही प्रिय आहे, पण रो-हाउसच्या अंगणातला पिंपळ दहा-पंधरा वर्षांत कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी दोन्ही उचलून ठेवील. मी जांभूळ सुचवलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं देता-घेता वाचण्याची सवय लागली आहे. बुद्धांच्या लहानपणीची ती गोष्ट मी मामांना सांगितली. नांगरणीचा उत्सव होता, राजा स्वतः शेतात उतरला होता, सगळे तिकडे बघत होते आणि लहान राजपुत्र जांभळीच्या सावलीत एकटाच, डोळे मिटून बसून राहिला होता.

मामांनी शेंगदाणे सोलता सोलता ऐकलं.

"बाप कुठं व्हता तवा?"

"सांगितलं ना, शेतात. नांगर धरून."

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले. "कामाला लागलं की पोराकडं कुठं बघणं व्हतंय."

जांभूळ ठरलं. आळंदी रस्त्यावरच्या नर्सरीतून मी गुडघ्याएवढं रोप आणलं, काळ्या पिशवीतलं, आणि चऱ्होलीच्या अंगणात भिंतीच्या सावलीला ठेवलं. मला वाटलं, येत्या रविवारी लागेल.

अंगण म्हणजे बिल्डरने मागे ठेवलेलं सगळं. वर मुरूम पसरलेला, म्हणून बरं दिसायचं. पण फावडं मारलं की खालून टाइल्सचे तुकडे, वाळलेलं काँक्रीट, तारा, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर एका पायाचा गमबूट निघाला. मामा म्हणाले, आधी हे सगळं उपसायचं, मग खाली नीट माती भरायची, वर शहाबादी फरशी बसवायची, आणि मग झाड. मला ते पटलं. असल्या राडारोड्यात झाड तरी कसं लावणार.

मामा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, निवृत्त होईपर्यंत. त्यांचं मुख्य काम लोखंडी पृष्ठभाग सपाट करण्याचं. दिसायला आरशासारखी असलेली लोखंडी पाटीसुद्धा खरी सपाट नसते, असं ते सांगत. तिच्यावर निळा रंग लावलेली दुसरी पाटी घासायची. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा. तो हाताने खरवडायचा. मग पुन्हा निळं, पुन्हा खरवड. दिवसेंदिवस. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या नखांच्या कडेला तो निळा रंग असायचा. सुट्टीच्या दिवशीही जात नसे. आमच्या दापोडीच्या घरात भिंतीवरचा एकही फोटो कधी कलता राहिला नाही.

त्यांच्याबरोबर टूलरूममधला एक जुना दोस्त यायचा. काळेवाडीला राहणारा, गोल, बोलका, पांढऱ्या मिशांचा माणूस. रविवारी आम्ही दापोडीहून बसने निघायचो, दोस्त भोसरीला आमच्याच बसमध्ये चढायचा आणि चऱ्होली येईपर्यंत पूर्ण बसला कळेल इतक्या आवाजात बोलत राहायचा. मामांच्या पिशवीत थापी, ओळंबा, लेव्हल बघायची पाण्याची नळी आणि फडक्यात गुंडाळलेली टूलरूमची स्पिरिट लेव्हल. माझ्या पिशवीत भाकऱ्या आणि थर्मास.

राडारोडा निघाला. माती आली. ती चोपून, पाणी मारून, वर बारीक कच पसरून फरश्या बसू लागल्या. आणि तिथून काम पुढे सरकेनासं झालं.

मामा फरशी बसवायचे, लेव्हल ठेवायचे, वाकून बुडबुडा बघायचे. मग चार बाजूंनी बघायचे. मग पाण्याची नळी घेऊन एका टोकाला दोस्ताला उभं करायचे, दुसऱ्या टोकाला स्वतः. फरक निघायचा. नाही निघाला तर पुढच्या रविवारी निघायचा. फरशी उचलली जायची, खालची कच खरवडली जायची. गवंडी जे दोन दिवसांत संपवतो ते आमचं कित्येक रविवार चाललं होतं.

शेजारच्या घरात एक मुसलमान कुटुंब राहतं. घरधन्याचं चाकणला गॅरेज आहे. तो सकाळी ब्रश करत कुंपणाशी यायचा.

"चाचा, मी म्हणतो, एवढ्यात ताजमहाल झाला असता."

"त्याची लेव्हल कुणी बघितली हाय?" मामा मान वर न करता म्हणायचे.

"कॅरम खेळायचा आहे का इथं?"

"खेळून बघ. स्ट्रायकर जिथं ठिवशील तिथंच ऱ्हाईल."

"चाचा, दुनियेत कुठं काय सरळ आहे? माझ्या गॅरेजात या, एक चासी सरळ दाखवा, चहा माझ्याकडून."

सगळे हसायचे. मीही हसायचे. जांभळीचं रोप मात्र दर रविवारी कामाच्या आड यायचं. मामा ते उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवायचे, दुसऱ्या रविवारी परत तिकडून इकडे. खड्ड्यासाठी जागा सोडलेली मला कुठेच दिसत नव्हती. सगळीकडे फरशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सांध्यात नख शिरणार नाही अशी.

एकदा मी विचारलं, "मामा, झाड कुठे येणार?"

"आधी लेव्हल तर होऊ दे. खड्डा काय, कुठंबी घेता येतोय."

पुन्हा विचारलं तेव्हा, "बघू."

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

एका दुपारी मी नळावर डबे विसळत होते. मामा आत जरा लवंडले होते. दोस्त माझ्याजवळ आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात बोलला.

"पोरी, एक सांगू का. रागवू नको त्याच्यावर."

"मी कुठे रागावले."

"टूलरूमला असताना एखादा जॉब हातावेगळा करायचा त्याच्या जिवावर आलं ना, की तो परत निळं मारायचा. झालेल्या कामावर. आम्ही म्हणायचो, आरं झालं की, सोड आता. तर म्हणायचा, अजून एकदा बघतो." त्याने आतल्या दाराकडे एकदा बघितलं. "ही फरशी कधीच झाली आहे, पोरी. पहिल्याच महिन्यात."

मला ते ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वजन आलं. फरशी संपली की झाड. झाड म्हणजे मडक्याचं कापड सोडायचं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने करायचं कबूल केलं होतं. राख मी एकटीनेच मातीत घालून टाकावी, असं माझी बहीण फोनवर म्हणायची. पण भरल्या खोलीत म्हाताऱ्याने एकच गोष्ट मागून घेतली होती. ती मी त्याच्या हातून कशी काढून घेणार? शिवाय, खरं सांगायचं तर, कापडाची गाठ सोडायला माझाही हात झाला असता की नाही, कोण जाणे.

वर्ष भरत आलं होतं. पहिला स्मृतिदिन जवळ आला की गावाकडून फोन येतात, त्यांचं चिंचेचं रोप कसं वाढलं ते सांगतात. चांगल्या मनाने सांगतात. जांभळीची खालची पानं पिवळी पडली होती. पिशवीतली मुळं गोल गोल फिरत बसली असणार.

एका रविवारी मामांनी लेव्हल फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "झालं."

दोस्ताने टाळ्या वाजवल्या. कुंपणापलीकडून शेजाऱ्यानेही वाजवल्या. मामा मला म्हणाले, "बाई, आता एकदा सगळी धुऊन घे."

मी पाइप लावला. सकाळची वेळ, कोवळं ऊन. फरश्या ओल्या होऊन काळ्याभोर झाल्या, त्यांच्यावरची सिमेंटची पूड सुटली आणि पाण्यात मिसळली. मी दाराच्या पायरीपासून सुरुवात करून फाटकाकडे जात होते. पाणी माझ्या मागे राहत होतं. खराट्याने पुढे लोटलं तर थोडं पुढे यायचं आणि परत जागच्या जागी पसरायचं. मी पाइप बंद केला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. पूर्ण अंगणभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाण्याचा पातळ थर निश्चल उभा होता. कुठेच जात नव्हता. त्यात शेजाऱ्याच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते.

आधी दोस्ताला कळलं. तो तोंडावर हात धरून खाली बसला.

"आरं देवा. उतार! उतार कुणी द्यायचा?"

"चाचा," शेजारी म्हणाला, "आता यात बदकं सोडा."

"चाळीस वर्षं उतार काढायचा पगार खाल्ला याने," दोस्त हसता हसता डोळे पुसत होता, "द्यायचा कसा ते कुणी शिकवलंच नाही राव!"

कोणत्याही गवंड्याच्या हाताखालच्या बाईने सांगितलं असतं, अंगण धुतलं की पाणी वाहून गेलं पाहिजे. आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. दोस्त टूलरूमचा, शेजारी गॅरेजचा, मी पुस्तकांतली, आणि पहिल्या मजल्यावर जन्म काढलेल्या माणसांना अंगणातल्या पाण्याशी काय करायचं असतं?

मामा हसले नाहीत. चिडलेही नाहीत. पाण्याच्या कडेला उभे राहून बघत होते. मला वाटलं, हे आता सगळं उखडणार. सगळी फरशी काढून पहिल्यापासून, आणि आणखी एक वर्ष. मी खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

शेजारी मदतीच्या सुरात म्हणाला, "फाटकाकडे ढाळ द्या चाचा. सगळ्यांचं तसंच आहे. पाणी जातं बाहेर गटारात, सुंठीवाचून खोकला गेला."

"बाहीर न्हाई घालवायचं," मामा म्हणाले.

"मग न्यायचं कुठं?"

मामा माझ्याकडे वळले. राख फळीवर ठेवल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"बाई, पाणी कुठं न्यायचं?"

उतार द्यायचा तर पाण्याला पोचायला एक जागा लागते, आणि ती आधी ठरवावी लागते. हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

"झाडाकडे," मी म्हणाले.

"आन् झाड कुठं हाय?"

"ते तुम्ही सांगायचं, मामा."

दोस्ताचं हसणं थांबलं होतं. शेजाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण तोही कुंपणावर हात ठेवून बघू लागला. मामा पाण्यातून चालत गेले. पायाच्या धक्क्याने पाण्यावर गोल उठत होते. आधी फाटकाजवळ थांबले, मग खिडकीखाली. शेवटी डाव्या भिंतीशी, जिथे घराची सावली संपून ऊन सुरू होतं तिथे, ते उकिडवे बसले आणि फरशीच्या सांध्यात थापीचं टोक घातलं. फरशी घट्ट बसली होती. इतक्या वेळा त्यांनीच बसवलेली. थापी वाकली. दोस्त पहार घेऊन धावला.

"राहू दे," मामा म्हणाले. "मी काढतो."

फरशी निघाली तसं आजूबाजूचं पाणी त्या चौकोनात ओघळलं. मामा त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चारी बाजूची घ्यावी लागंल खाली. लई न्हाई. सूतभर."

मडकं दापोडीला होतं. मी म्हणाले, पुढच्या रविवारी आणू या. मला त्यांना मोकळीक द्यायची होती, इतके महिने दिली तशीच.

"न्हाई," मामा म्हणाले. "तू जाऊन घिऊन ये. तवर आमी दोघं खड्डा घेतो."

शेजाऱ्याने किल्ल्या आणल्या. "चला ताई, मी सोडतो," एवढंच म्हणाला. काय आणायचं ते मी त्याला भोसरीच्या पुलाखाली सिग्नलला सांगितलं. त्याने गाडीतलं चालू असलेलं गाणं बंद केलं. येताना मडकं माझ्या मांडीवर होतं आणि तो रस्त्यातला प्रत्येक खड्डा चुकवत, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हाताने थांबवत, अतिशय हळू गाडी चालवत होता.

आम्ही पोचलो तेव्हा खड्डा झाला होता. कडा सरळ, कोपरे काटकोनात. दोस्त डोक्याला रुमाल बांधून बाजूला उभा होता. भंतेजी नव्हते, नातेवाईक नव्हते. मी त्रिशरण म्हटलं. मामांचे ओठ हलत होते. शेजारी कुंपणापलीकडे डोकं झाकून उभा राहिला.

कापडाची गाठ मामांना सुटेना. बोटं जाड, गाठ बारीक. मी हात पुढे केला नाही. दोस्तानेही नाही. वेळ लागला. मग गाठ सुटली, आणि त्यांनी मडकं ओतलं नाही. हात आत घालून मुठीने राख काढली आणि मातीत मिसळली, मग दुसरी मूठ, जवारीच्या पिठात पाणी घालून मळावं तशी, खाली-वर करत. मडकं रिकामं झाल्यावर ते आतून हाताने पुसून घेतलं. मी पिशवी फाडली. मुळं खरंच गोल फिरून घट्ट बसली होती. ती मी बोटांनी मोकळी केली आणि रोप त्यांच्या हातात दिलं.

दोस्ताने सवयीने ओळंबा पुढे केला. रोप जरा खिडकीकडे झुकलं होतं.

"नको," मामा म्हणाले. "त्याचं त्याला उभं ऱ्हाऊ दे."

माती लोटून झाली. आजूबाजूच्या चार फरश्या त्यांनी तेवढ्याशा खाली घेतल्या, लेव्हल न लावता, हाताच्या अंदाजाने. मग ते उठले. उठायला त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. हात कोपरापर्यंत मातीने आणि राखेने भरले होते. मी नळाकडे बोट दाखवलं, तिथे मोरी आहे, साबण ठेवला आहे.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पायरीवर बसले आणि मला तांब्या आणायला सांगितला. मी पाणी घालत होते, ते हात चोळत होते, सावकाश, बोटाबोटांमधून. पाणी पायरीवरून फरशीवर पडलं, क्षणभर थांबलं, आणि मग हलकेच डावीकडे निघालं.

"अजून घाल," मामा म्हणाले.